अर्धा राहिलेला आशीर्वाद

यारेत्सी लोंगोरियाला सरकारी हवामान प्रयोगशाळेत उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा तिच्या आईने, एउलालियाबाईंनी, आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि मग अख्ख्या गल्लीत डंका पिटला. विज्ञान शिकणाऱ्या लॅटिनो मुलांसाठीच्या त्या जागा, आणि सीमेलगतच्या आमच्या व्हॅलीतून निवडली गेलेली ही एकटीच. संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये तर एउलालियाबाईंनी सांगून टाकलं की पोरगी आता वादळांना हुकूम सोडणार आहे.

प्रयोगशाळा होती उत्तरेला, आणि उत्तरेच्या रस्त्यावर होता कागदपत्रांचा तपासणी नाका. यारेत्सी इथेच जन्मलेली, तिला कसली धास्ती नव्हती. आई मात्र सीमेवरची नदी ओलांडून आलेली, बिनकागदाची. मागे नदी आणि पुढे नाका, मधल्या पट्ट्यात बाईंची उमर गेली. मुलगी एकवीसची झाली की काहीतरी हालचाल करता येईल, असं वकील म्हणाला होता. मात्र कुणीही विचारलं तरी आपण इथल्या नागरिक आहोत असं कधी म्हणायचं नाही, तेवढं एक खोटं बोललात तर जन्माची दारं बंद, असंही त्याने बजावलं होतं.

इतकं सगळं असून आई गाडीत बसलीच. आमच्याकडे लेकराला उंबऱ्यावरून निरोप देत नाहीत, वेशीपर्यंत पोचवायला जातात. नाक्याच्या अलीकडच्या शेवटच्या फाट्यावर ओफेलिया मावशी राहायची. तिथे आई उतरणार, यारेत्सी एकटी पुढे जाणार आणि संध्याकाळी मावशी आईला घरी सोडणार, असं ठरलं होतं. आईच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं, मक्याच्या वाफवलेल्या तमालेंचं पातेलं होतं. एका पोरीसाठी पलटणीचा स्वयंपाक.

फाटा जवळ आला तसे आईचे डोळे भरून आले. मावशीसमोर रडायची तिला लाज. म्हणाली, “मिहा, पोरी, मान वाकव. आशीर्वाद इथेच देते.”

“अमा, मी गाडी चालवतेय.”

“देवाला घाई नाही आणि तुला आहे होय गं?”

ताठ मानेने आशीर्वाद घ्यायला आमच्यात कुणी शिकवलेलं नाही. यारेत्सीने मान झुकवली. क्रूसाची खूण काढताना आईचा अंगठा कपाळाला लागला, मग छातीवर आला, आणि तिथेच थांबला.

“फाटा गेला,” आई म्हणाली.

दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये कठडा. पुढे रांग दिसत होती, रांगेच्या टोकाला छप्पर आणि खांबांवर कॅमेरे. नाक्याच्या तोंडाशी येऊन कुणी गाडी वळवली की पाठलाग होतो, हे व्हॅलीतलं शेंबडं पोरही सांगेल. स्टिअरिंग हातातून निसटतंय असं यारेत्सीला वाटलं. आई पकडली जाणार, आणि आईला नेणारी म्हणून आपणही. सरकारी नोकरीच्या पहिल्याच पायरीला सरकारी गुन्हा. मागे ट्रक लागला होता, पुढची गाडी सरकली की हिलाही सरकावंच लागत होतं.

आई आता रडत नव्हती. तिने पातेलं उचलून मागच्या सीटवर ठेवलं, बोटातली अंगठी काढून यारेत्सीच्या पर्समध्ये टाकली आणि केस सारखे केले.

“तू बोलायचं नाहीस,” ती एवढंच म्हणाली. काय करायचं ठरवलंय, ते तिने सांगितलं नाही.

नाक्यावरचा जवान आमच्यातलाच निघाला, छातीवर त्रेविन्यो नाव. यारेत्सीला विचारलं, नागरिक का, कुठे निघालीस. तिने कसंबसं उत्तर दिलं आणि निवडीचं पत्र दाखवलं. जवानाचा चेहरा खुलला. त्याच्या बहिणीनेही अर्ज केला होता म्हणे, तिला नाही मिळाली. मग तो खाली वाकला आणि पलीकडे बघून स्पॅनिशमध्ये म्हणाला, “आणि सेन्योरा, तुम्ही?”

आईने दार उघडलं. खाली उतरली.

“माझ्याकडे काही नाही, बाबा. मी रस्त्यात उभी होते, या मुलीने दया करून बसवून घेतलं. मी हिला ओळखत नाही.”

जवानाने आईच्या हनुवटीकडे पाहिलं, मग यारेत्सीच्या. हनुवटी एकच होती, आंधळ्यालाही दिसली असती. मागच्या सीटवर तमाले वाफाळत होते.

“तू ओळखतेस हिला?” त्याने हळू विचारलं.

यारेत्सीने आईकडे पाहिलं. लहानपणी तापल्या तव्याकडे हात गेला की आई ज्या नजरेने थांबवायची, तीच नजर. आई म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भीती फार मोठी होती, आणि पोरगी वीस वर्षांची होती.

“नाही,” ती म्हणाली.

जवानाने पत्र तिला परत दिलं. मग म्हणाला, “जा. रांग अडकलीये.”

गाडी सुटली. आरशात दिसलं, दुसरा जवान आईला दंडाला धरून नेत होता. आई वळली. मोकळा हात तिने उचलला आणि हवेत डावीकडून उजवीकडे नेला. वरून खाली आधीच झालं होतं, तेवढंच राहिलं होतं. ते तिने पुरं केलं.

पुढचा रस्ता अलीकडच्यासारखाच होता, तीच बाभळीची झुडपं, तीच तारेची कुंपणं. यारेत्सीला नीट दिसत नव्हतं. परत दक्षिणेला जाताना कुणी काही विचारत नाही, ती बाजू उघडी असते. पहिला फाटा आला. हा तिने चुकवला नाही. गाडी वळवून ती नाक्याकडे निघाली. ती मोठ्याने, पुन्हा पुन्हा, तोंडात बसेपर्यंत एकच वाक्य म्हणत होती, ती माझी आई आहे.