लेफ्टनंटसमोर वाचलेली वही

पाट्यावर मका वाटत होते, तेव्हा बाल्तासार भावजी दारात येऊन उभे राहिले. मागे दोन शिपाई होते. बाल्तासार माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. लष्कराने गावातल्या पुरुषांची जबरदस्तीने गस्त उभी केली होती, तिचे म्होरके तेच. माझा नवरा ऊसतोडीला किनाऱ्याकडे गेलेला, घरात मी एकटी.

"वहिनी, चला. लेफ्टनंटने बोलावलंय."

"कशाला?"

"वाचायला."

मला वाटलं थट्टा करतायत. लष्कराचं ठाणं होतं देवळामागच्या पाद्रीच्या घरात. पाद्री कधीच पळून गेला होता. तिथे नेलेलं माणूस वाचायला नेलेलं नसायचं. माझी शेजारीण फेलिपा 'दोन प्रश्न विचारायचेत' म्हणून गेली, ती गेलीच. मी म्हटलं, "हात तरी धुऊ द्या." धुताना तांब्या हातातून सुटला.

गावात आमची इशिल भाषा वाचता येणारी दोनच माणसं होती, पाद्रीने शिकवलेली. एक मी. दुसरा डोमिंगो, तो मक्याच्या पेरणीच्या सुमाराला नाहीसा झाला होता.

लेफ्टनंट कोवळा होता, सर्दीने नाक लाल झालेला. खुर्ची पुढे करून म्हणाला, "बस, मारिया." शहरातली माणसं आमच्या सगळ्याच बायकांना मारिया म्हणतात. माझं नाव एंग्रासिया, पण ते सांगायची ही जागा नव्हती.

टेबलावर शाळेतल्या पोरांची असते तशी निळी वही होती. एक कोपरा काळा पडून कडक झालेला.

"काल ओढ्यात एक डोंगरवाला बंडखोर मारला," तो म्हणाला. "ही त्याच्या पिशवीत होती. तुमच्या भाषेत आहे. तू आधी आहे तसं मोठ्याने वाच, बाल्तासार ऐकेल. मग मला स्पॅनिशमध्ये सांग. फरक केलास तर हा सांगेलच मला."

बाल्तासारना अक्षर वाचता येत नव्हतं, पण कान तिखट होते. ते माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. त्यांच्या कोयत्याची मूठ माझ्या पाठीला लागत होती.

पानं चिकटली होती. नखाने सोडवून मी वाचायला लागले. लिहिणारा आमच्या गावचा नव्हता, पलीकडच्या खोऱ्यातला असावा, काही शब्द वेगळे होते. नाव कुठेच नव्हतं. बूट लहान पडतात, अंगठा कुजलाय, पाऊस थांबत नाही, सोबत्याने झोपेत हाक मारली म्हणून त्याचं तोंड दाबून धरावं लागलं. मी वाचायची आणि स्पॅनिशमध्ये सांगायची. लेफ्टनंट नाक पुसत ऐकत होता.

एका पानावर लिहिलं होतं, 'आज कमांडरने विचारलं, भीती वाटते का? मी नाही म्हणालो. रात्रभर दात वाजत होते, थंडीने नव्हे.'

हे वाचताना माझेच दात वाजायला लागले. मी जीभ दाताखाली धरली.

"हे रडगाणं राहू दे," लेफ्टनंट म्हणाला. "गावं सांग. नावं सांग. यांना खायला कोण घालतं?"

मी पान उलटलं. लिहिलं होतं, 'झऱ्याखालच्या घरातून मीठ मिळालं. घरवाला लंगडतो, गास्पार नाव. त्याने पोरांच्या वाटच्या भाकऱ्याही दिल्या.' गास्पार आमच्याच गावचा. मी वाचलं, "मीठ संपलं."

"वहिनी," बाल्तासारांचं बोट पानावर आलं, "एवढी लांबलचक ओळ, आणि तुम्ही शब्द वाचले दोन?"

"काय म्हणतोय?" लेफ्टनंट म्हणाला.

"अक्षर लागत नाही, साहेब," मी म्हटलं.

"ती गाळतेय, साहेब," बाल्तासार म्हणाले.

लेफ्टनंट ओरडला नाही. त्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला आणि दारातल्या शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं. "पुढचं पान, मारिया. एक शब्द गाळायचा नाही."

पुढे लोक म्हणाले, एंग्रासियाने काय डोकं चालवलं! डोकं कसलं? दार बंद झाल्याचा आवाज झाला आणि माझ्यातली गाळायची हिंमत संपली. पुढ्यात जे आलं ते मी आमच्या भाषेत वाचत सुटले.

'पीचच्या झाडाच्या घरातल्या तेक्ला आजीने मक्याची पेज दिली. म्हणाली, पटकन पी लेकरा, माझा बाल्तासार गस्तीवर गेलाय, तो यायच्या आत कुंपण ओलांड. डोक्यावरून हात फिरवला. मी म्हटलं, आजी, उवा आहेत. तर म्हणाली, माझ्या लेकाच्याही मीच काढल्यात.'

पाठीला लागलेली कोयत्याची मूठ बाजूला झाली. मागे वळून बघायचा मला धीर नव्हता.

"काय म्हणतो?" लेफ्टनंटने विचारलं.

मी पानाचा कोपरा नखाने खरवडत राहिले.

"बाल्तासार, तू सांग. तू ऐकलंस ना?"

भिंतीवरची पाल सरकावी इतकीच हालचाल मला पाठीमागे जाणवली. मग ते स्पॅनिशमध्ये म्हणाले, "रानात कसलीशी पेज प्यायला, साहेब. म्हणतो, पोट बिघडलं."

"एवढं लांब?"

"पोटाचंच आहे सगळं, साहेब. बाईमाणूस आहे, तिला सांगायला लाज वाटली."

लेफ्टनंट हसला, शिंकला. शिपाईही हसला. पुढची पानं मी वाचत गेले. जिथे नाव आलं तिथे पाऊस घातला, जिथे घर आलं तिथे झाड घातलं. बाल्तासारांनी पुन्हा एकदाही बोट ठेवलं नाही. फक्त त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, घाट चढून आल्यासारखा.

वही मिटून लेफ्टनंट म्हणाला, "ठीक आहे. हेलिकॉप्टर आलं की ही वही मोठ्या छावणीत जाईल. तिथे तुमची भाषा वाचणारा आमचा माणूस आहे. तो परत एकदा बघेल." आणि मला साखरेचा पुडा दिला. मी तो घेतला, आभारही मानले.

बाहेर धुकं दाट होतं. गल्लीत वळल्यावर बाल्तासार माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुकं आहे तोवर हेलिकॉप्टर उतरत नाही. आईला घेऊन वर निघा. आज. आत्ता."

"आणि तुम्ही?"

"मी गेलो तर तासाभरात कुत्री सोडतील. मी आहे तोवर सांगेन, बायका शेतावर गेल्यात."

"भावजी, वहीत आणखी नावं आहेत. तो झऱ्याखालचा…"

"गप्प!" त्यांनी माझा दंड धरला. "मला नाव सांगू नका. उद्या मला मारतील, तेव्हा माझ्या तोंडून काय निघेल ते मला माहीत नाही."

विस्तव मागायला आल्याचं दाखवत मी वहीत आलेल्या घरांमधून फिरले. खापरात निखारे घेऊन, खाली मान घालून. प्रत्येक दारात एवढंच म्हटलं, "वहीत तुम्ही आहात." कुणी जास्त विचारलं नाही. तेक्ला आजीने मात्र वाद घातला.

"मी पेज पाजली, चोरी नाही केली. मी का पळू?"

"आजी, बाल्तासार भावजींनी सांगितलंय."

"त्याला कळलं?" म्हातारी मटकन खाली बसली. "चिडला का गं?"

"नाही. पोट बिघडलं म्हणाले," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. तिला काही उमगलं नाही, पण कोंबडी बगलेत मारून ती उठली.

दिवस मावळायच्या आत आम्ही पाइनच्या रानात शिरलो. पोरांच्या तोंडाला कापड बांधलं होतं. फांदी मोडली तरी सगळे जागच्या जागी बसायचे. धुकं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, आणि चौथ्या दिवशी खालून धूर आला. जळक्या मक्याचा वास वर कड्यापर्यंत पोचला होता.

बाल्तासारांची खबर फार उशिरा, मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्याकडून आली. त्यांना पाद्रीच्या घरात नेताना त्याने पाहिलं होतं. पुढचं कुणी पाहिलं नाही.

रानात त्यांचं नाव निघालं की गास्पार थुंकायचा. "लष्कराचा कुत्रा." त्याच्या भावाला गस्तीनेच पकडून दिलं होतं, त्याचं चुकत नव्हतं. तेक्ला आजी ऐकून घ्यायची आणि आगीपासून लांब जाऊन बसायची. एके दिवशी मला राहवलं नाही. टेबल, बंद दार, पेज, सगळं मी त्याला सांगितलं.

गास्पार काठीने निखारे उकरत राहिला. "माझ्या भावाचं काय मग?" तो म्हणाला.

मग तो लंगडत उठला, आजीला हाताला धरून आगीजवळ घेऊन आला आणि स्वतःची घोंगडी तिच्या पायावर टाकली.