वत्सलाचं इंजेक्शन

पुंजाराम साळवे मंडळीतला वडील होता. नाशिक रोडच्या त्या लहानशा चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या खालोखाल ज्यांचा शब्द चालायचा, त्यांच्यातला तो एक. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरात तो आणि त्याची विधवा धाकटी बहीण वत्सला, एवढी दोनच माणसं. वत्सलाला जुना मधुमेह. पुंजाराम रोज सकाळी तिला इन्सुलिन टोचायचा आणि मग दोघं चहा घ्यायची. तिचा अर्थातच बिनसाखरेचा, आणि त्यावरून तिची कुरकुर ठरलेली.

प्रार्थनेने रोग बरे करतो म्हणणारा प्रचारक ब्रदर अमित शहरात आला त्याच्या आदल्या वर्षी ललिताचं प्रकरण झालं होतं. ललिता मंडळीतलीच, फौजेतल्या नवऱ्यामागे एकटी राहणारी. देवळाली कॅम्पच्या बाजारात पुंजारामने तिला एका जवानाबरोबर रिक्षात बसताना पाहिलं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा पाहिलं. त्याने ते चर्चच्या वडीलमंडळींच्या सभेत मांडलं, आणि ललिताला प्रभुभोजनाला, भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बसायची बंदी झाली. पुढे कळलं की तो जवान तिच्या नवऱ्याचा दोस्त होता आणि त्याच्या पगाराच्या कामासाठी तिला कचेरीत नेत होता. पुंजाराम माफी मागायला गेला तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं. ती मालेगावला मावशीकडे निघून गेली होती. त्या रविवारी पाळकसाहेबांनी दुसऱ्याचा न्याय करण्याच्या पापावर उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण सगळं चर्च पुंजारामकडे बघत होतं. मान खाली घालून त्याने ठरवलं, यापुढे कुणाबद्दल तोंड उघडायचं नाही.

मग अठ्ठ्याण्णव साली सिन्नर रस्त्याला मोकळ्या रानात ब्रदर अमितचा मांडव पडला. आजारी माणसं स्टेजवर जायची, रडायची, नाचत खाली उतरायची. ब्रदर सांगायचा, "प्रभूने बरं केलं म्हणता आणि घरी जाऊन गोळ्या खाता? मग विश्वास कुणावर? प्रभूवर की डॉक्टरवर?" पाळकसाहेबांनी स्वतः सगळ्या मंडळीला तिकडे नेलं होतं.

वत्सलाला घाम आला म्हणून पुंजाराम तिच्यासाठी पाणी आणायला मांडवामागे गेला. तिथे ब्रदर अमित खुर्चीवर बसला होता. त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, दोन गोळ्या हातावर घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. पुंजाराम दोन हातांवर उभा होता. दोघांची नजरानजर झाली. ब्रदर हसला, "प्रेज द लॉर्ड" म्हणाला आणि पुन्हा स्टेजवर गेला. पुंजाराम पाण्याचा पेला घेऊन परत आला, तोवर वत्सला स्टेजसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुई भरली तेव्हा तिने दंड पदराखाली झाकून घेतला.

"नको दादा. आता लागणार नाही."

"वत्सला, वेडेपणा करू नकोस. तो माणूस स्वतः गोळ्या घेतो. मी पाहिलंय."

वत्सलाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती हळूच म्हणाली, "ललितालाही तू पाहिलंच होतंस ना, दादा?"

पुंजारामच्या हातातली सुई तशीच राहिली. खरंच, काय पाहिलं होतं त्याने? डोकेदुखीची गोळी असेल. आपण कोण पुन्हा एखाद्याला खोटं ठरवणारे? त्याने इन्सुलिनची बाटली माठाशेजारी होती तिथे परत ठेवली आणि चहा टाकला. त्या दिवशी तिने चहात साखर मागितली. त्याने घातली.

चार-पाच दिवस ती आनंदात होती. मग तहान भागेना. मग उलट्या सुरू झाल्या आणि ती बोलता बोलता झोपेत जायला लागली. पुंजारामने रिक्षा बोलावली तेव्हा ती त्याला ओळखतही नव्हती. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, "इन्सुलिन कुणी बंद केलं?" वत्सला शुद्धीवर न येताच गेली.

कबरीपाशी पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूने आपल्या लेकीला बोलावून घेतलं." पुंजारामने माती टाकली आणि घरी येऊन नुसता बसून राहिला. ललिताच्या वेळी त्याने पाहिलं आणि मनानेच निकाल दिला. या वेळी पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. ललितापाशी जाऊन एक शब्द विचारला नाही, आणि त्या ब्रदरसमोर उभा असूनही विचारला नाही.

पुढच्या रविवारी आराधना संपायच्या आधी तो उठून उभा राहिला.

"ब्रदर अमितच्या सांगण्यावरून कुणी औषध बंद केलं असेल तर आजच सुरू करा," तो म्हणाला. "तो स्वतः गोळ्या घेतो."

"पुंजारामभाऊ, बसा," पाळकसाहेब समजुतीने म्हणाले. "दुःखात माणूस बोलून जातो. न्याय करणारे आपण कोण?"

"त्याच्या आत्म्याचं काय व्हायचं ते देव बघेल, साहेब. मी फक्त त्याची शिकवण खोटी आहे एवढं म्हणतोय. हे ओळखायलाही मनाई आहे का?"

पाळकसाहेबांनी गायन सुरू करायची खूण केली. बाहेर पडताना लोक त्याला वळसा घालून गेले.

फाटकाशी केरू थांबला होता. मार्केट यार्डात भाजीची पोती उचलणारा माणूस. त्याच्या बायकोला, सुवर्णाला, क्षय झाला होता.

"भाऊ, गोळ्या खरंच व्हत्या?"

"होत्या. कशाच्या ते मला माहीत नाही, केरू. मी विचारलं नाही."

केरू पायाने माती उकरत राहिला. "आमच्या हिनं तिच्या समद्या गोळ्या नाल्यात टाकल्या. लय खोकती आता. माझं ऐकत नाय."

दोघं त्याच्या घरी गेले. सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती. पुंजारामला बघताच म्हणाली, "ब्रदर काल मांडवात बोलले. वत्सलाबाईंचा इस्वास कमी पडला, म्हणून गेल्या त्या."

पुंजाराम दारातच खाली बसला.

"त्या सकाळी वत्सलाने दंड झाकला," तो म्हणाला, "तेव्हा मला सगळं दिसत होतं, बाई. मी भ्यालो. तिचा विश्वास पुरेपूर होता. चुकीच्या माणसावर ठेवलेला."

"तुमी ललिताबद्दलबी असंच बोलला व्हता."

"हो. तिच्याबाबत मी चुकलो. उद्या तुझ्याबाबतही चुकेन. पण तुझा खोकला खोटा नाही. दवाखान्यात चल, डॉक्टरने काही नाही म्हटलं तर मला चारचौघांत शिव्या दे."

सुवर्णाला खोकल्याची उबळ आली. ओंजळीत पडलेलं रक्त तिने घाईने लुगड्याला पुसलं, पण दोघांनीही ते पाहिलं. केरू रिक्षा आणायला धावला.

ती आली. रिक्षात मात्र तिने तोंड बाहेर फिरवून घेतलं आणि दवाखाना येईपर्यंत ते आत वळवलं नाही. मांडवाच्या बाजूने भोंग्यावर गाण्याचा आवाज येत होता, आणि रस्त्याच्या कडेने माणसं आजाऱ्यांना आधार देत तिकडेच चालली होती.