नदीपलीकडचा मॉर्फो

मी मॉर्फो बोलतोय, उकायाली नदीकाठच्या जंगलातला निळा मॉर्फो. फुलपाखरू म्हटलं की तुम्हाला बाग आठवते. मला सडकं केळं आवडतं. नाकं मुरडू नका. आमच्याकडची माणसं मासातो म्हणून जी दारू पितात, तीही चघळून थुंकलेल्या कंदाचीच असते.

माझा जन्म पलीकडच्या काठावरचा. केसाळ अळी होतो तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पंख फुटले आणि सगळ्यांना माझा पुळका आला.

आम्हा पलीकडच्यांचा निळा पट्टा रुंद, अलीकडच्यांचा अरुंद. आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही. माणसांना वाटतं. लिमाहून फुलपाखरं गोळा करायला येणाऱ्या डॉक्टर वाल्दिव्हिएसोंना होडीत मळमळतं, म्हणून त्यांनी फक्त अलीकडचा काठ पाहिलेला. तरी आमच्या उपजातींवर बोलणार तेच.

एके दिवशी अलीकडे काहीतरी निळं हललं. दुसरा नर माजलाय असं वाटून मी तरातरा नदी ओलांडली. तो निघाला ओर्तेन्सियाचा सणाचा घागरा. तिचा नवरा एलादियो डॉक्टरांसाठी फुलपाखरं पकडायला तो काठीला बांधून हलवत होता. मीही काही कमी मूर्ख नाही. सापडलो जाळ्यात.

"असली माझ्या माहेरी, पलीकडे, ढिगानं आहेत," ओर्तेन्सिया म्हणाली. "सोड त्याला आणि माझा घागरा दे. फाटला असेल तर बघ मग."

एलादियोलाही ते ठाऊक होतं. त्याची बोटं सैल पडली. आता उडायचं आणि थेट घरी जायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात डॉक्टर येऊन माझ्या पट्ट्याकडे पाहत म्हणाले, "या काठावर असला कधी मिळाला नव्हता. नवी उपजाती आहे. एलादियो, हिला तुझंच नाव देऊ या."

"माझं?" एलादियो म्हणाला. "पुस्तकात छापून येईल?"

"येईल की."

"मग इथलाच आहे साहेब. मी नेहमी बघतो."

"लाज वाटत नाही का रे तुला?" ओर्तेन्सियानं विचारलं. त्यानं माझी छाती चिमटीत दाबली. फुलपाखरं अशीच मारतात.

आता मी लिमातल्या एका खणात टाचलेला आहे. माझा जोडीदार हवा म्हणून डॉक्टर दरवर्षी जातात आणि अलीकडचे बिचारे अरुंद पट्ट्याचे मॉर्फो उगाच मरतात. एलादियो त्यांना सगळा काठ हिंडवतो, पलीकडे तेवढं नेत नाही.

कधी हा खण उघडलात तर एक करा. ज्यानं मला चिमटीत मारलं त्याचंच नाव माझ्याखाली लिहिलंय. ते खोडा आणि मला नुसतं पलीकडचा म्हणा.