कोरे राहिलेले अकरा चौकोन

मी एक जुनी पर्स आहे, मित्रांनो, आणि माझी चेन पूर्ण लागत नाही. शेवटची चार बोटं जागा आत्ताआत्तापर्यंत उघडीच राहायची. त्या फटीतून मी जे पाहिलं ते सांगते. ऐकून वाईट वाटलं तर वाटू द्या. गोड बोलणाऱ्या पर्सा दुकानाच्या काचेत टांगलेल्या असतात, आणि त्यांच्या पोटात कागदाचे बोळे असतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या म्दांत्साने वस्तीच्या टॅक्सी स्टँडवर माझा जन्म झाला. झोलानी तिथं टॅक्सी चालवायचा. गाडीचं मागचं सीट बदललं तेव्हा त्याचं कातडं त्यानं चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. "बाबा, यातून बायकोसाठी पर्स निघेल का?" म्हातारा हसला. "हजार ढुंगणं सोसलीत यानं. तुझ्या बायकोचं ओझं काय जड आहे याला!" ऐंशी रँड झाले आणि झोलानीनं ते तिथंच मोजून दिले. हे मुद्दाम सांगते, कारण त्या घरात रोखीनं आलेली वस्तू मी एकटीच. सोफा हप्त्यावर, फ्रिज हप्त्यावर, कपाट हप्त्यावर, हिवाळ्यातले कोटसुद्धा दुकानाच्या कार्डावर.

माझी मालकीण नोझुको. सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरी धुते. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारतात, म्हणून सासूला आणि शेजारणींना ती मादलोमो. पहिली वर्षं माझी मानाची गेली. माझ्यात डबा असायचा, रुमाल असायचा, रविवारी प्रार्थनेचं पुस्तक असायचं. बायका मला हात लावून विचारायच्या, "कुठून गं आणलीस?" आणि नोझुको मान ताठ करून सांगायची, "नवऱ्यानं शिवून घेतली."

मग झोलानीची टॅक्सी उलटली. तो गेला आणि पाकिटं यायला लागली.

खिडकीची पाकिटं असतात ना, ज्यातून नाव दिसतं, ती. नोझुको ती पोस्टातून आणायची आणि न उघडता माझ्यात कोंबायची. न उघडलेला कागद हलका असतो असं तुम्हाला वाटेल. माझा पट्टा त्याच वर्षी तुटला आणि चेनही त्याच वर्षी बिघडली. एके दिवशी तिच्या मुलीनं, अवेथूनं, मला टेबलावर उपडी केलं. पोरगी तेव्हा तेरा वर्षांची. तिनं सुरीनं एकेक पाकीट फोडलं, वहीत आकडे लिहिले आणि म्हणाली, "आई, ही सात कर्जं आहेत. सगळे मिळून महिन्याला बावन्नशे मागतायत. तुझा पगार अठ्ठ्याहत्तरशे आहे. आपण काय खायचं?"

नोझुकोनं सगळी पाकिटं पुन्हा माझ्यात भरली. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन शहरात गेली, एका जिन्यावरच्या कचेरीत. तिथं कर्जाची घडी बसवून देणाऱ्या जेकब्सबाई होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ओत सगळं टेबलावर. काही मागं ठेवू नकोस. लपवलेलं कर्ज मला नंतर सापडतं आणि मग मी ओरडते."

त्यांनी सातही जणांना पत्रं लिहिली, भांडल्या, व्याज कमी करून घेतलं. अखेर एकच हप्ता ठरला, महिन्याला साडेअठराशे रँड, अठ्ठेचाळीस महिने. त्यांनी घरखर्चाचा कागद केला आणि एकेक ओळ कापत गेल्या. नवे कपडे कापले. मांस रविवारपुरतं ठेवलं. एका ओळीपाशी मात्र पेन थांबलं. वस्तीतल्या बायका दरमहा पैसे जमवतात आणि सभासदाच्या घरी मयत झाली की खर्च उचलतात, त्या मंडळाची ओळ.

"मयत मंडळ, दीडशे रँड. ही ओळ मी कापत नाही आणि तूही कापायची नाहीस. तुम्हा लोकांना जगणं परवडतं, मरणं परवडत नाही. आणि नवी उधारी बंद, चहाच्या पत्तीचीसुद्धा. काही अडलं तर आधी मला फोन करायचा. नंतर नाही. आधी."

त्या कागदाच्या मागे अवेथूनं अठ्ठेचाळीस चौकोन आखले. हप्ता गेला की एक चौकोन लाल पेन्सिलीनं भरायचा. शेवटचा भरला की अवेथूला नर्सिंगला घालायचं, हे मायलेकींचं ठरलेलं. तो कागद माझ्या अस्तरात ठेवला गेला. मला तेव्हा वाटलं, जन्माला आल्याचं सार्थक झालं.

कसे भरले ते चौकोन, ते ऐका. नोझुको कामावर पायी जाऊ लागली, एका बाजूला पाऊण तास. धुलाईखान्यातल्या बायका बनी चाऊ, म्हणजे पोखरलेल्या पावात भरलेला रस्सा, मागवायच्या तेव्हा ती म्हणायची, "माझं पोट बिघडलंय." तीन वर्षं तिचं पोट बिघडलेलं होतं. कुणालाच सांगितलं नाही तिनं, मंडळातल्या बायकांनाही नाही. कर्जाच्या यादीत नाव असणं म्हणजे नागडं उभं राहणं, असं तिला वाटायचं. चौतीस चौकोन लाल झाले. चौदा उरले.

तेव्हा अवेथूचं शाळेचं शेवटचं वर्ष आलं. त्या वर्षी शाळेचा निरोपाचा नाच असतो. पोरी राजकन्येसारख्या नटतात, भाड्याच्या गाडीतून उतरतात, अख्खी गल्ली बघायला जमते. अवेथूनं काही मागितलं नाही. "मी जात नाहीये," एवढंच म्हणाली. ते ऐकून तिची आजी, झोलानीची आई मामतोलो, खाटेवर उठून बसली.

"का नाही जाणार? ड्रेसचं भाडं किती?"

"साडेचारशे."

"मादलोमो, मंडळाचे तीन महिन्यांचे पैसे दे पोरीला."

"आई, काहीतरीच काय? ते तुमच्यासाठीच भरतेय ना मी!"

"मग मीच सांगते ना! मी काय लगेच मरतेय? आणि मेलेच तर नातीला नटलेली बघून मरेन. डिसेंबरात बोनस आला की भरून टाक."

नोझुकोनं मला उघडलं. तीन महिने, पहिल्या रविवारी, मंडळाचं दीडशेचं पाकीट तिनं माझ्यातून बाहेर काढलं आणि मंडळाऐवजी ड्रेसवालीला दिलं. सभेला ती गेलीच नाही. "ड्यूटी आहे" म्हणून निरोप धाडला. हप्ते मात्र त्या तीन महिन्यांतही गेले; सदतीस चौकोन लाल झाले, अकरा उरले.

पोरगी हिरव्या ड्रेसमध्ये दारातून बाहेर पडली तेव्हा म्हातारीनं अशी लांब, कापरी आरोळी ठोकली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. त्या घरात मी इतका आनंद पुन्हा पाहिला नाही. नऊ दिवसांनी मामतोलो झोपेतच गेली. म्हातारीच्या पेन्शनवर घरातलं पीठ यायचं, तेही त्याच दिवशी बंद झालं.

मंडळाची खजिनदार मामक्वाती रजिस्टर घेऊन आली. पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"मादलोमो, तीन रविवार कोरे आहेत. तीन चुकले की नाव निघतं. नियम तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"अगं, सभेत उभी राहून एकदा म्हणाली असतीस, 'बायांनो, अडचण आहे', तर सहा महिने थांबलो असतो. तोही नियमच आहे. का नाही बोललीस?"

नोझुको माझ्या तुटक्या चेनशी चाळा करत राहिली.

मग दीर आला, लुंगिसा, जोहान्सबर्गहून, चकचकीत बूट घालून. आमच्याकडे मयताला आलेल्यांना बैल कापून जेवू घालतात. मंडळाचे पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर तो अंगणात, चार माणसांसमोर बोलला, "म्हणजे माझ्या आईला कोंबड्यांवर पोचवणार का वहिनी? लोक काय म्हणतील, बैल कुठाय?"

"तुम्ही किती देता भाऊजी?"

"मी? मी आत्ताच गाडी घेतलीय. हप्ते चालू आहेत."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या माणसाला चावले असते. मेलेल्या बाईला बैल लागत नाही. बैल जिवंत माणसांच्या तोंडाला लागतो. जे लोक चार दिवस ताटं चाटून गेले, त्यांतल्या एकानंही ती जिवंत असताना तिला चहा विचारला नव्हता. पण रीत ती रीत. नोझुकोनं जेकब्सबाईंना फोन केला नाही. ती तोलेकिलेकडे गेली.

तोलेकिले हा निवृत्त पोलीस. सावकारी करतो. शंभर घेतले की महिन्यानं दीडशे. तारण म्हणून तो फक्त बँकेचं कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा मागतो. त्याच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात रबर लावलेले कार्डांचे गठ्ठे. माझ्या आतल्या कप्प्यात कार्ड असायचं. नोझुकोनं ते काढून त्याच्या हातात दिलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस मादलोमो," तो म्हणाला. "इथं तुझ्या ओळखीचे खूप आहेत."

बैल आला. अंत्यविधी इतका झोकात झाला की लोक आठवडाभर वाखाणत होते. पगाराच्या दिवशी तोलेकिले तिचं कार्ड घेऊन बँकेच्या मशीनपाशी उभा राहिला, त्यानं स्वतःचं कापून उरलेलं तिच्या हातात ठेवलं. हप्त्याइतकंही उरलं नव्हतं. अडतिसावा चौकोन कोरा राहिला.

मग फोन वाजायला लागला. फोन माझ्याच पोटात होता. जेकब्सबाईंचं नाव दिसायचं आणि मी थरथरायचे. नोझुको मला छातीशी घट्ट धरायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, पण उचलायची नाही. बाईंनी अकरा वेळा फोन केला, एका दिवसात. उचलला असता तर महिनाभराची सवलत मागून घेता आली असती. हे जेकब्सबाईंनीच नंतर सांगितलं, रागानं, डोळ्यांत पाणी आणून. दोन चौकोन कोरे राहिल्यावर सातांतल्या एका सावकार कंपनीनं ठरलेली घडी मोडली. पुन्हा खिडकीची पाकिटं आली. फ्रिज गेला. मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं आणि विसरले. अस्तरात उंदरानं दोन भोकं पाडली, कागद मात्र वाचला.

अवेथू नर्सिंगला गेली नाही. ती फर्निचरच्या दुकानात लागली आहे. हप्त्याचे फॉर्म भरून देते.

आठ महिन्यांनी एका रविवारी नोझुकोनं मला खिळ्यावरून काढलं, धूळ झटकली, पट्ट्याला तार बांधली आणि मंडळाच्या सभेत गेली. सभासद नव्हती, तरी गेली. बावीस बायका बसलेल्या. ती उभी राहिली आणि माझ्यातून तो कागद काढून सगळ्यांसमोर धरला.

"बायांनो, माझ्यावर कर्ज आहे. चार वर्षं आहे. माझं पोट कधीच बिघडलं नव्हतं. माझं कार्ड तोलेकिलेच्या डब्यात आहे."

मग मामक्वातीनं रजिस्टर मिटलं. तिनं आपली पर्स उघडली, आतला कार्डाचा कप्पा ताणून दाखवला. रिकामा होता.

"माझंही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

मागून कुणीतरी रडायला लागलं. मग एकेक पर्स उघडायला लागली. मी मोजल्या. बावीसांतले नऊ कप्पे रिकामे होते. वर्षानुवर्षं त्या बायका शेजारी बसून एकमेकींना लाजत होत्या, आणि तोलेकिले गालात हसत होता.

पुढच्या आठवड्यात त्या कचेरीचा जिना पाच जणी चढल्या. जेकब्सबाई आधी ओरडल्या, मग त्यांनी खुर्च्या मागवल्या आणि डब्यातली कार्डं बँकेकडून बंद करून नवी काढायला लावली. नोझुकोचं देणं आता पहिल्यापेक्षा जास्त निघालं. नवा कागद झाला. साठ चौकोन. ते या वेळी नोझुकोनं स्वतः आखले.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी न उघडलेली पाकिटं असतील. आईच्या पर्सेत, बाबांच्या ड्रॉवरमध्ये, देव्हाऱ्यामागे. ती फोडा. आई रागावेल, रागावू द्या. आकडे मोठ्यानं वाचा. आणि घरचं कुणी मेलं तर जेवायला आलेल्यांना विचारा, "तुम्ही काय आणलंत?"

माझं कातडं आता घडीवर फाटत चाललंय. साठ महिने काही मी टिकायची नाही. काल पहिला हप्ता गेला. नोझुकोनं लाल पेन्सिलीनं चौकोन भरला, कागद अस्तरात ठेवला, आणि चेनची उघडी चार बोटं सुतळीनं शिवून टाकली. कागद पडू नये म्हणून.

आता मला बाहेरचं काही दिसत नाही.