तळ्याच्या पोटात जाऊन आलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पाण्याची नव्हे, गाळ काढायची. पोलादाची, माणसाच्या उंचीची आणि पोटरीएवढी जाड. सध्या माझा मुक्काम विद्यापीठाच्या पर्यावरण विभागातल्या अडगळीच्या खोलीत आहे. शेजारी दोन मोडक्या खुर्च्या आहेत आणि एक झाडू आहे. झाडूला रोज बाहेर नेतात, मला नेत नाहीत. त्यामुळे त्याचा तोरा काही विचारू नका.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. विभागात नुकत्याच शिकवायला लागलेल्या एक तरुण बाई माझं चित्र कागदावर काढून घेऊन आल्या होत्या. खालच्या कडेला धार हवी, आत प्लास्टिकची पारदर्शक नळी सरकली पाहिजे, वर एकाला एक सळया जोडता आल्या पाहिजेत, असं त्यांनी समजावून सांगितलं. लेथवाल्यानं डोकं खाजवलं.

"चिखल काढायला एवढा थाट? बाई, बादली घ्या की!"

"बादलीत नुसता चिखल येतो, दादा. मला त्याची उतरंड हवीय. खाली आजोबांच्या वेळचा गाळ, वर आपल्या वेळचा. थर मोडता कामा नयेत."

लेथवाल्याला ते पटलं असावं. कारण नंतर त्यानं माझी कड इतक्या मायेनं घासली, की त्याचाच अंगठा कापला.

तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो. रस्त्यावरची धूळ, झाडांची पानं, कारखान्यांची राख, नाल्यांची घाण, सगळं त्यात असतं. कुणी काही विसरलं तरी गाळ विसरत नाही. मी नावेतून सरळ खाली उतरायची, गाळात शिरायची आणि ते थर जसेच्या तसे पोटात घेऊन वर यायची. बाहेर येताना मोठा 'डुबुक्' असा आवाज व्हायचा आणि नावेतली मुलं टाळ्या वाजवायची. ते कौतुक आठवलं, की आजही ऊर भरून येतो.

दरवर्षी एम.एस्सी.ची नवी मुलं यायची. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावणारी मुलं महिन्याभरात कोपरापर्यंत गाळात हात घालून डबा खायला बसायची. बाईंना ती मागून 'गाळबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं.

"म्हणा, म्हणा," त्या हसायच्या. "पण गाळबाईचा नियम विसरलात, तर खैर नाही. आधी बाण, मग पाणी!"

हा नियम म्हणजे विभागातला मंत्रच होता. आतल्या पारदर्शक नळीवर वरची बाजू दाखवणारा बाण काढल्याशिवाय मला पाण्यात सोडायचं नाही. कारण गाळ एकदा बाहेर काढून आडवा ठेवला, की वर कुठलं आणि खाली कुठलं हे भल्याभल्यांना कळत नाही.

त्या सगळ्या मुलांमध्ये माझा जीव जडला तो पाणकोंबडीवर. हे नाव तिला मैत्रिणींनी ठेवलं होतं. ती तळ्याकाठीच वाढलेली, नाव हलली की बाकीचे किंचाळत आणि ही खुशाल पाय पाण्यात सोडून बसायची. नाव तिच्या सख्ख्या मामाची होती. भाची शिकतेय याचा मामाला कोण अभिमान! वल्हं मारता मारता तो मला म्हणायचा, "नीट काम कर बरं का, आमच्या पोरीच्या पदवीचा प्रश्न आहे."

मामाच्या गल्लीत पूर्वी तळ्याचंच पाणी प्यायचे. पुढं पोरांची पोटं बिघडायला लागली, अंगावर चट्टे उठले, म्हणून काठावरच्या टाकीचा नळ बंद झाला. तेव्हापासून सगळे चढावरच्या हातपंपावरून पाणी वाहत होते. मामाच्या बायकोची कंबर त्या चढानं कायमची धरली होती. तळं सुधारतंय की बिघडतंय, हेच पाणकोंबडीला शोधायचं होतं.

गाळ काढायच्या दिवशी वारा फार होता. पाण्यात न पुसणारं पेन कुणीतरी घरी विसरलं. पाणकोंबडीनं फळ्यावर लिहायच्या पेननं बाण काढला. नियम पाळला गेला, पण ओल्या बाहीनं बाण कधी पुसला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रयोगशाळेत आल्यावर तिनं तो आठवणीनं पुन्हा काढला. उलटा काढला. मी भिंतीवरच्या खुंट्यांवरून पाहत होते. ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड आहे ते फक्त गाळ खायला.

पुढं ती आतली नळी शीतखोलीत कितीतरी आठवडे आडवी पडून राहिली. वरचा पातळ गाळ घट्ट झाला आणि दोन्ही टोकं हाताला सारखीच लागायला लागली. मग पाणकोंबडीनं ती उभी चिरली, अर्ध्या भागातला गाळ तपासला. एका टोकाला शिसं पुष्कळ, दुसऱ्या टोकाला जेमतेम. बाणाप्रमाणे पाहिलं तर जुना गाळ विषारी आणि नवा स्वच्छ. म्हणजे तळं सुधारत होतं!

विभागात आनंदीआनंद झाला. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मामानं तर गल्लीत दवंडीच पिटली, "माझी भाची शिकलेली आहे. यंत्रानं तपासलंय तिनं." गल्लीनं ठरवलं, रविवारी टाकीचा नळ उघडायचा. पहिला हंडा मामानं भरायचा.

शनिवारी दुपारी पाणकोंबडी प्रबंधाच्या मुखपृष्ठासाठी उरलेल्या अर्ध्या भागाचे फोटो काढत होती. एकाएकी तिचा हात थांबला. मित्रांनो, मी गाळात शिरते तेव्हा कडेचा गाळ माझ्या अंगाला घासून थोडा खाली ओढला जातो. त्यामुळे प्रत्येक थर पालथ्या वाटीसारखा दिसायला हवा. तिच्यासमोरच्या सगळ्या वाट्या उताण्या होत्या. तिनं फोटो उलटा धरला. वाट्या पालथ्या झाल्या. म्हणजे बाणच उलटा काढला होता.

प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. फोटो पुसला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तिनं जाऊन बाईंना बोलावून आणलं.

बाईंनी फोटो सरळ धरून पाहिला, मग उलटा धरून पाहिला.

"हा गाळ मी परवाच पाहिला होता," त्या म्हणाल्या. "छान आलाय म्हणाले. बघितलाच नाही नीट."

"बाई, माझी पदवी..."

"लांबेल. नोकरीचं पत्र आलंय ना तुला? तेही कदाचित जाईल." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण उद्या नळ उघडणारेत ना गं तुमच्याकडे? चल, नळी काढ. पहाटेच निघू. फोटोवर नको, डोळ्यांनी खात्री करून घेऊ. रडायचं ते मग रड."

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. मामा इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

"परत कशाला गं हा चिखल? झालं ना सगळं?"

तिनं आतली नळी माझ्यात सरकवली. बाण या वेळी खिळ्यानं कोरला होता. मी खाली गेले, जिवाच्या करारानं गाळ घेतला आणि वर आले. आतली नळी उभी धरून तिनं पाहिलं. वरचा गाळ काळाकुट्ट होता आणि त्याला असा वास येत होता, की पाणकोंबडीनंसुद्धा तोंड फिरवलं. खालचा गाळ भुरा, निर्मळ. वाट्या पालथ्या.

"मामा," ती म्हणाली, "मी उलटं वाचलं. तळं सुधारत नाहीये. बिघडत चाललंय. नळ उघडू नकोस."

मामाचं वल्हं थांबलं. काठावर टाकीपाशी गल्ली जमलेली दिसत होती. बायका हंडे घेऊन आल्या होत्या. मामी कमरेवर हात ठेवून आमच्याकडेच बघत होती.

"सगळ्यांना सांगून बसलोय मी," मामा हळूच म्हणाला.

"माहितेय."

"तोंडघशी पाडलंस गं मला."

"हो मामा."

त्यानं तळ्याकडे पाहिलं, मग त्या काळ्या गाळाकडे. "पण वेळेवर पाडलंस," तो म्हणाला आणि नावेतच उभा राहून काठाकडे ओरडला, "ए! नळाला हात लावू नका! पाणी खराब आहे! पोरीची चूक झाली होती, तिनंच पकडलीय!"

काठावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. कुणी शिव्या घातल्या. मामीनं मात्र हंडा उचलला आणि चढाची वाट धरली. नाव लागताच पाणकोंबडी तिच्यामागं धावली आणि तिनं तिच्या हातातला हंडा घेतला. चिखलानं भरलेले तिचे पाय त्या चढावर घसरत होते. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्याही टाळ्यांनी वाटला नाही.

तिची पदवी लांबली. नोकरी गेली. पुढं तिनं दुसरी शोधली, तिथल्याच तिथं, आणि तळ्यात येणारे नाले बंद व्हावेत म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लागली. बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मग मोटारवालं नवं यंत्र आलं. ते घरघर करत दुप्पट खोल जातं. माझी रवानगी झाडूशेजारी झाली. कड बोथट झाली, अंगावर गंज चढला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण गंजाचं दुःख मी सोसू शकते.

मला एकच काळजी आहे. ते तळं अजून बरं झालेलं नाही. मामी अजून चढ चढते. मी त्याच्या पोटात जाऊन आलेय, मित्रांनो, आणि तिथं काय आहे ते पाहिलंय. ते आता पुसता येणार नाही. पण पुढच्या वर्षीचा थर अजून बसलेला नाही. तो तेवढा स्वच्छ बसू द्या.