खिडकीतली आई

"असं नाहीये ते! चुकतेयस तू!" असं म्हणून भिंगरीने चक्क ताईच्या तोंडावर हात ठेवला.

भिंगरी म्हणजे माझी भाची. वय साडेचार वर्षं, पण एका जागी साडेचार सेकंद टिकेल तर शपथ. तिच्या पाठचा बोका दीड वर्षाचा. खाणं आणि डोळे मिटून पडणं हे त्याचे दोनच उद्योग, म्हणून बोका. आणि ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, ह्या दोघांची आई. तिला आठवड्यातली एकच संध्याकाळ घरी मिळते, ती ही. किती हौसेने बसली होती म्हणून सांगू! एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरा, पाठीला उशी, आणि हत्तीची गोष्ट सुरू. हत्तीची ही गोष्ट तिने स्वतः रचलेली आहे. त्याचा चारातला एक बूट हरवतो आणि तो दारोदार विचारत फिरतो.

"बरं बाई, काय चुकलं माझं?" ताईने तोंडावरचा हात काढत विचारलं.

"हत्ती जिना चढतो ना, तिथे तू खोकतेस. दोनदा."

"मी कशाला खोकू? खोकू दे की हत्तीला!"

"नाही! तूच खोकतेस. रोज खोकतेस."

आम्ही एवढ्या हसलो! दाजी आत भांडी लावत होते, तिथून ओरडले, "खोक बाई, खोक! मी सांगायला गेलो तर म्हणे तुमच्या हत्तीला आवाजच नाही!" ताई खोकली, दोनदा. भिंगरी खूश. "आता कुकर." मी शिट्टी वाजवली, कारण कुकरचं काम घरात माझ्याकडे आहे.

थांबा गं सगळ्या, हे रोजचं खोकणं काय ते आधी सांगते.

ताई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. काचेला खाली अर्धगोल भोक, समोर वेळापत्रक आणि टेबलावर माइक. गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते माइकवर सांगायचं, आणि सांगून झालं की तेच परत खिडकीपाशी येऊन विचारणाऱ्या शंभर जणांना शंभर वेळा सांगायचं. एकदा एकाने विचारलं होतं, "शेवटची गाडी गेली तर त्याच्यानंतरची कितीला?" ताईने न हसता सांगितलं, "उद्या सकाळी सहाला, काका." असा तिचा धीर! नऊ वर्षं झाली, खिडकीत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही.

चार महिन्यांपूर्वी तिची सकाळची पाळी जाऊन दुपारची लागली. दोन ते रात्री दहा. म्हणजे दुपारी भिंगरी बालवाडीतून येते, तेव्हा ही निघायच्या गडबडीत, आणि ही येते तेव्हा दोघं झोपलेली. माझं कॉलेज सकाळी असतं, म्हणून एक वाजता मी येते, दाजी भिंगरीला बालवाडीतून घरी सोडून पंपांच्या दुरुस्तीला जातात ते आठला येतात, तोवर मुलं माझ्याकडे. सगळं जमवलं होतं तिने. नाश्त्याचे डबे, औषधाच्या वेळा, कुठला पंचा कुणाचा. फक्त झोपताना गोष्ट कोण सांगणार? भिंगरीला आईचीच गोष्ट लागते.

मग पाळी बदलायच्या आदल्या रविवारी ताई जुना फोन घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि एका बैठकीत आठ गोष्टी बोलून ठेवल्या. एका बैठकीत! तिच्याकडे तेवढाच वेळ होता. कुकर चालू, मशीनमध्ये कपडे, आणि ही फोनला हत्ती ऐकवतेय. तेव्हापासून तो झाला "गोष्टीचा फोन". रोज साडेसातला मी लावते, दोघं दोन बाजूंनी त्याला कान लावतात, आणि हत्तीला बूट मिळायच्या आत बोका गार.

तर त्या संध्याकाळी खोकला झाला, कुकर झाला, हत्तीने बेडकाचं दार वाजवलं. "टक टक टक," ताई म्हणाली, "बेडूक म्हणाला, कोण आहे?"

"आता ते म्हण," भिंगरी म्हणाली.

"काय?"

मला माहीत होतं. देवाशपथ, मला माहीत होतं, आणि मी काही बोलायच्या आत भिंगरी मांडीवरून उठली, कमरेवर हात ठेवला, आणि म्हणाली:

"अगं गप्प बस ना जरा! किती ते आई, आई, आई! जीव नकोसा केलाय नुसता! जा तिकडे!"

हुबेहूब. शब्द तर होतेच, पण त्यातला तो दात आवळलेला सूर, "नकोसा" वरचा जोर, शेवटी टाकलेला श्वास, सगळं. आणि मग एकदम गोड आवाजात, "तर बेडूक म्हणाला, मी नाही बाई पाहिला तुझा बूट."

बोका टाळ्या पिटून हसायला लागला. त्याच्या सगळ्यात आवडीची जागा आहे ती. "गप!" तो म्हणाला. त्याला तीन शब्द येतात, त्यातला हा एक.

ताई हसत होती ना आधी, ते हसू तसंच राहून गेलं तोंडावर. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "अगं, पण मी अंगठा उचलला होता."

एवढंच. मला आधी कळेचना. मग तिनेच सांगितलं. खिडकीतल्या माइकला बटण आहे. दाबून धरलं की आवाज बाहेर जातो, बोट उचललं की बंद. बोट उचलायचं आणि काय ते बोलून घ्यायचं, शेजारच्या साहेबांवर वैतागायचं, जांभई द्यायची, कपाळाला हात लावायचा. परत बोट ठेवलं की साखर. नऊ वर्षं हेच. त्या रविवारीही ती फोनवर अंगठा ठेवूनच बोलत होती, आणि भिंगरी मधे आली तेव्हा तिने सवयीने अंगठा उचलला. तिच्या हिशेबी फोन बंद झाला होता. फोनला काय माहीत!

"तू रोज लावतेस ना?" तिने मला विचारलं. "तू ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी. मला वाटलं, सांगू तिला. पण मुलं हसली आणि मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी ते थोडं पुढे सरकवायला गेले तर भिंगरीने भोकाड पसरलं, की बेडूक गेला, बेडूक गेला. मग राहिलंच. चार महिने, रोज साडेसातला, मी माझ्या भाचीला तिच्याच आईकडून ओरडून घेत होते. असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

ताईने बेडकापासून पुढची गोष्ट सांगून पुरी केली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी बालवाडीत गेल्यावर तिने बोक्याला दाजींकडे दिलं, आतली खोली लावून घेतली, जुनी हत्तीची गोष्ट पुसून टाकली आणि नवी बोलून ठेवली. मी आले तेव्हा दार उघडून बाहेर येत होती, कपाळावर घाम, चेहरा मात्र मोकळा. "ऐक," म्हणाली. मी ऐकली. अगं, काय सुंदर झाली होती! कुठे खोकला नाही, कुकर नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बेडूक तर इतका प्रेमळ, की त्यानेच बूट शोधून द्यावा.

त्या संध्याकाळी लावली. भिंगरी कान लावून पडली होती. जिना आला, खोकला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. बेडूक आला आणि सरळ बोलून मोकळा झाला. तशी ती उठून बसली.

"ही आई नको."

"अगं, आईच आहे. नवीन केलीय तुझ्यासाठी."

"ही खिडकीतली आई आहे," ती म्हणाली. "मला घरातली पाहिजे."

दाजी तिला एकदा बसस्थानकावर घेऊन गेले होते. तेव्हा तिने ऐकलाय तो आवाज. मी काय सांगणार? मी म्हटलं, खिडकीतली आणि घरातली एकच असते. तिने उशीत तोंड खुपसलं आणि रडली, म्हणजे हट्टाने रडतात तशी नाही. बोकाही फोनला "गप! गप!" म्हणून बघत होता आणि फोन काही त्याला उत्तर देत नव्हता. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी ती गोष्टीच्या फोनकडे गेलीच नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली, साडेसातला, आपली आपण.

माझ्या फोनमध्ये जुनी गोष्ट होती. डॉक्टरांकडे थांबावं लागतं तेव्हा बरं म्हणून मी कधीतरी उतरवून घेतलेली. लावली असती तर पाच मिनिटांत सगळं निवळलं असतं. पण ह्या वेळी गुपचूप नको, म्हटलं. चौथ्या दिवशी दुपारी एकला पोचले आणि ताईला सांगितलं. ती डबा भरत होती. हात पुसले, म्हणाली, "दे."

ओट्याला टेकून, इअरफोन कानात घालून तिने ऐकायला सुरुवात केली. मला वाटलं, एकदा ऐकेल. तिने तोच तुकडा परत लावला. परत लावला. डोळे मिटून, कान दाबून धरून. मग एक बाजू काढून माझ्या कानात घातली.

"खालचं ऐक," म्हणाली. "माझं नको ऐकूस. त्याच्या आधीचं."

हत्ती टक टक करतोय, त्याच्या खाली, लांबून, बारीक आवाजात भिंगरी. आई, हे बघ ना. आई, बघ ना. आई. चार महिने रोज लावली ही गोष्ट मी, आणि ते कधी ऐकू आलं नव्हतं.

"सात वेळा म्हणते," ताई म्हणाली. "सात वेळा बघ म्हणाली, आणि मग मी ओरडले. नंतर आवाजच नाही तिचा. शेवटपर्यंत नाही." मग म्हणाली, "काय दाखवत होती गं ती?"

मी त्या रविवारी घरातच होते. मुलांना सांभाळायलाच आले होते. बाल्कनीत उभी होते, फोनवर, तुम्हा मैत्रिणींपैकीच एकीशी बोलत, कशावर तेही आठवत नाही. मी म्हटलं, "असेल काहीतरी. चित्र असेल. नाहीतर बटण लावलं असेल स्वतःचं स्वतः. तेव्हा शिकत होती ना."

"बटण तर त्याच्या आधीच यायला लागलं होतं."

"मग मुंगी. मुंगीसुद्धा दाखवते ती."

"हो," ताई म्हणाली. "मुंगीसुद्धा असेल."

तेवढ्यात दाजी भिंगरीला बालवाडीतून घेऊन आले. दप्तर एकीकडे, बूट एकीकडे. ताईने तिला जवळ ओढलं आणि जमिनीवरच बसली, कामाच्या साडीत, इस्त्री केलेल्या. "हत्तीची गोष्ट सापडली," तिने सांगितलं. "घरातल्या आईची. मावशी लावेल आज." भिंगरीने एक उडी मारली, "बेडूक पण?" "बेडूक पण. सगळं आहे." आणि मग तिचा फ्रॉक सरळ करत, काही विशेष नाही अशा आवाजात तिने विचारलं, "मी ती गोष्ट बोलत होते ना फोनमध्ये, तेव्हा तू मला काय दाखवायला आली होतीस?"

"कधी?"

"त्या दिवशी. आई बघ ना, म्हणत होतीस."

भिंगरीने विचार केला. अगदी मनापासून केला, भुवया गोळा करून. "आठवत नाही," ती म्हणाली. आईचा चेहरा बघून तिलाच काहीतरी वाटलं असणार, कारण तिने ताईच्या गालावर हात फिरवला, बोक्याच्या फिरवते तसा. "असू दे हं. होतं काहीतरी."

"मग आता दाखव ना. आता बघते मी."

ताईने दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे. भिंगरीने इकडे तिकडे पाहिलं. टेबलाखाली पाहिलं, फ्रॉकच्या खिशात हात घालून पाहिला. खिसा उलटा करून दाखवला.

"आत्ता काहीच नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली आणि बोक्याला उठवायला आत पळाली.

मी म्हटलं, "ताई, दीड वाजला. उशीर होईल."

"हो, निघते," ती म्हणाली. पण हात तिचे तसेच होते, मांडीवर, उघडे.