हरणं बोलावणारी बाटली

मित्रांनो, आधीच नाक दाबू नका. मी एक जुनी, तपकिरी काचेची, हाताच्या मुठीत मावेल एवढी बाटली आहे, आणि माझं बूच अजून घट्ट बसतं. माझ्या पोटात काय असायचं ते ऐकून भलेभले तोंड फिरवतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. हरणीचं मूत. झालं? हसून घेतलंत? आता ऐका.

काचेच्या भट्टीतून माझ्याबरोबर निघालेल्या बहिणींपैकी कुणाच्या वाट्याला गुलाबाचं अत्तर आलं, कुणाच्या वाट्याला खोकल्याचं औषध. माझ्या नशिबी हे होतं. पाळीव हरणांच्या एका वाड्यावर मला भरलं, अंगावर शिंगाळ्या नराचं चित्र डकवलं आणि खाली ठसठशीत छापलं, 'एक थेंब टाका, नर मागोमाग येईल.' दुकानात गिऱ्हाइकं ते मोठ्याने वाचायची आणि मी आतल्या आत फुगायचे.

अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमधल्या अवजारांच्या दुकानातून ऑर्लिन वोल्डनने मला उचललं. हा चीजच्या कारखान्यात कामाला होता. उंच, कमी बोलणारा, पाइप ओढणारा माणूस. नोव्हेंबर आला की तिकडची नर हरणं नवरीच्या शोधात सैरभैर होतात, आणि माणसं त्या हरणांच्या शोधात. ऑर्लिनचं मचाण त्याच्याच घरामागच्या सीडारच्या झाडांच्या रानात होतं. त्याने आपला एक जुना फ्लॅनेलचा सदरा फाडून लांबशी चिंधी केली होती. ती तो बुटाला बांधायचा, तिच्यावर माझे थेंब टाकायचा आणि ती जमिनीवरून ओढत मचाणापर्यंत जायचा. म्हणजे नराने वास धरावा आणि त्या वाटेने थेट मचाणाखाली यावं. शिकारीचा मोसम संपला की वाड्यावर जाऊन तो मला पुन्हा भरून आणायचा. चिंधी माझ्याभोवती गुंडाळलेली, आणि आम्ही दोघी त्याच्या लाल-काळ्या चौकड्यांच्या लोकरी कोटाच्या खिशात.

ऑर्लिनचा मेहुणा मायलो आम्हाला बघून खदखदून हसायचा. "हरणाला बोलवायला बुटाला मूत लावतोस, मग मला बोलवायला ब्रँडी का लावत नाहीस?"

"तुला बोलवावं लागतं कुठे?" ऑर्लिन शांतपणे म्हणायचा. "तू न बोलावताच येऊन बसतोस."

ऑर्लिनची बायको आर्डिस, म्हणजे मायलोची थोरली बहीण, मला घरात पाऊल ठेवू द्यायची नाही. "मी लग्न तुझ्याशी केलंय, त्या बाटलीशी नाही. ती सटवी मागच्या पडवीतच राहील. आणि तूही आंघोळ केल्याशिवाय माझ्या जवळ येऊ नकोस." कोट, चिंधी आणि मी, आमची जागा पडवीतल्या खिळ्यावर.

आता खरं विचाराल तर मी कामाची होते का? काय सांगू! एका वर्षी थोरला आठ टोकांच्या शिंगांचा नर नाक जमिनीला लावून मचाणाखाली आला. त्या संध्याकाळी मी हातोहात फिरले. माझं कौतुक झालं, बाई! पण मायलोने विरजण घातलंच. "त्याच वाटेवर सकाळी खऱ्या हरणीचे खूर मी पाहिलेत. कावळा बसला आणि फांदी तुटली, दुसरं काय?" पुढच्या कितीतरी वर्षी कुणीच आलं नाही. काही हरणं तर माझा वास येताच पांढऱ्या शेपट्या उंच करून पळाली. ऑर्लिनला त्याचं काही नव्हतं. तो चिंधी बांधत राहिला. मला मात्र ती शंका जन्मभर खात राहिली.

ऑर्लिनचा एकच हट्ट होता. दर ऑक्टोबरात कोट खाण्याच्या सोड्यात बुडवून धुवायचा, वाऱ्यावर टांगायचा, मग सीडारच्या फांद्यांत दाबून ठेवायचा. मुलगी कोरीन लहान असल्यापासून त्याने तिला हे शिकवलं होतं. "माणसाचा वास उरला नाही पाहिजे, पोरी. आपण नाहीच असं रानाला वाटलं पाहिजे."

एका फेब्रुवारीत बर्फ उपसता उपसता ऑर्लिन फावड्यासकट आडवा झाला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर आर्डिस पडवीत यायला लागली. दिवसातून एकदा, कधी दोनदा. यायची आणि कोटाच्या गळपट्टीत तोंड खुपसून उभी राहायची. त्या कोटात मागच्या मोसमाचा घाम होता, पाइपचा तंबाखू होता, बंदुकीचं तेल होतं. मी खिशातून तिचा श्वास ऐकायचे. एकदा ती पुटपुटली, "आहेस ना रे अजून?" मित्रांनो, मी काचेची आहे. तरीही माझ्या अंगावर काटा आला.

वसंत गेला, उन्हाळा गेला. कोटातला वास विरत चालला होता, म्हणून ती अधिक वेळ उभी राहायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी कुणी सांगतं का?

ऑक्टोबरात कोरीन शहरातून आली. बाबांचं मचाण रिकामं राहू द्यायचं नाही, त्यांचाच कोट घालून बसायचं, असं तिने ठरवलं होतं. आर्डिस त्या दिवशी मायलोबरोबर चर्चच्या जेवणाचे बटाटे सोलायला गेली होती. कोरीनने खिशातून मला आणि चिंधीला काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. टबात पाणी घेतलं. सोडा टाकला. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते हो, पण बाटलीचं कोण ऐकतं?

आर्डिस आणि मायलो परत आले तेव्हा कोट दोरीवर हेलकावे खात होता.

"कोरीन, काय केलंस गं हे?"

"काय केलं? कोट धुतला. बाबा धुवायचे तसाच. बघ, कणभर वास उरला असेल तर माझं नाव बदल."

आर्डिसने तो ओला कोट दोन्ही हातांनी ओढला आणि त्यात तोंड खुपसलं.  मग म्हणाली, "हो गं. काहीच उरलं नाही." आणि आत निघून गेली.

कोरीनला तेव्हा उमगलं. ती दोरीखालीच बसली. "मामा, मी बाबांना धुऊन टाकलं रे." 

कोट फांद्यांत गेला. आर्डिस मात्र सवयीने पडवीत येतच राहिली. रिकाम्या खिळ्यासमोर उभी राहायची. एका सकाळी तिची नजर फळीवर गेली. माझी दुर्गंधी जन्मभर हाकलणाऱ्या बाईने चिंधी उचलली. आधी नाक मुरडलं. मग जिथे ऑर्लिनची बोटं वर्षानुवर्षं गाठ मारत आली होती तिथे हुंगलं, आणि भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता रडली.

"अगं बाई! हा तर दारात उभा आहे, आंघोळ न करता!"

मोसमाचा पहिला दिवस उजाडला. कोरीन पहाटेच कोट चढवून मचाणावर गेली. दुपार कलल्यावर आर्डिसने, चुकून कुणा शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून रानात सगळेच घालतात ते नारिंगी जाकीट घातलं, मला मुठीत घेतलं आणि रानात शिरली. मचाणाखाली वाकून तिने चिंधी बुटाला बांधली आणि माझ्या पोटातले सगळे थेंब तिच्यावर ओतले.

वरून कोरीन कुजबुजली, "आई! काय करतेस?"

"तुझ्या बाबांना घरची वाट दाखवते. त्यांच्याच पद्धतीने."

  आर्डिस चिंधी ओढत घराकडे निघाली. सीडारमधून, ओढ्याच्या काठाने. लाकडांच्या ढिगाशी बर्फ निसरडा होता म्हणून ढिगाला वळसा घालून पडवीच्या पायरीपर्यंत. मग तिने मागचं दार उघडं टाकलं आणि उंबऱ्याशी उभी राहिली.

"आर्डिस, सगळी ऊब बाहेर जातेय," मायलो आतून म्हणाला.

"जाऊ दे."

दिवस मावळायला आला. रानातून पावलं ऐकू आली. चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. आर्डिसची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की मी फुटतेय असं मला वाटलं.

नर होता. थोरला, जाड मानेचा. नाक जमिनीला. ओढ्याच्या काठाने आला, आणि लाकडांच्या ढिगाशी आल्यावर त्याने बरोब्बर तसाच वळसा घातला. हरणीच्या खुरांची वाट नव्हती ती, मित्रांनो, निव्वळ माझी वाट होती! तो पायरीपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या श्वासाची वाफ उंबऱ्याला लागत होती.

"आयला," मायलो पुटपुटला. "खरंच चालतं हे."

जन्मभर हे ऐकायला मी आसुसलेली होते. ऐकलं, आणि मला जराही आनंद झाला नाही. आर्डिस त्या नराकडे बघतच नव्हती. ती त्याच्या पलीकडे बघत होती. तिथे, सीडारखालच्या अंधुक उजेडात, लाल-काळा चौकड्यांचा कोट उभा होता.

"ऑर्लिन?"

नर उसळला आणि पांढरी शेपटी उभारून नाहीसा झाला. कोट मात्र हळूहळू जवळ येत राहिला. बंदूक रिकामी करून खांद्याला, कोटावरचं नारिंगी जाकीट काढून हातात.

"मी आहे, आई."

कोट इतका स्वच्छ निघाला होता की माग काढणाऱ्या त्या नरालासुद्धा मागून येणारं माणूस कळलं नव्हतं. आर्डिसने लेकीला ओढून धरलं आणि गळपट्टीत तोंड खुपसलं. तिथे दिवसभराच्या कॉफीचा, घामाचा आणि कोरीनचा वास होता. दुसरं काही नव्हतं.

"हा कोट आता धुवायचा नाही," ती म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी एकही हरिण फिरकणार नाही."

"न फिरकेना का."

मित्रांनो, तेव्हापासून मी रिकामी आहे. मला कुणी भरत नाही. पण आता मी घरात असते, स्वयंपाकघराच्या फळीवर, चिंधीसकट. पाहुणे अजून विचारतात, "ही बाटली खरंच चालते का हो?" मायलो कधी हो म्हणतो, कधी विषय बदलतो. माझं विचाराल तर माझ्या अंगावर जे छापलं होतं ते मी केलं. नर आला. पण आर्डिसने त्याला बोलावलं नव्हतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे लगेच धुवायला टाकू नका. खुंटीवर राहू द्या. आणि धुवायचेच झाले तर आधी घरातल्यांना एकदा विचारा, सगळ्यांना विचारा, गप्प असणाऱ्यांना तर आवर्जून विचारा.

आर्डिस नोव्हेंबरच्या संध्याकाळी मागचं दार अजून थोडं उघडं ठेवते. थंडी आत येते. कुणी ते लावायला उठत नाही.